उजनी गटाचे मुंडे, मंत्रालयातले मुंडे

गोपीनाथ मुंडे यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातलं बहुतेक लेखन दोन साच्यांत बसतं. एका साच्यात ते बहुजनांचे लोकनेते आणि ऊसतोड मजुरांचे साहेब आहेत. दुसरा साचा मुसलमान वाचकाच्या अधिक ओळखीचा. त्यात ते युती सरकारचे गृहमंत्री आहेत, श्रीकृष्ण आयोग गुंडाळणाऱ्या मंत्रिमंडळातले दुसऱ्या क्रमांकाचे मंत्री. दोन्ही चित्रं खरी आहेत. पण गेवराई, माजलगाव, परळी, अंबाजोगाईकडचा मुसलमान माणूस मुंडेंविषयी बोलायला लागला की या दोन्हींत न मावणारं काहीतरी बोलतो. त्याच्या बोलण्यात जिल्ह्यातले मुंडे आणि मुंबईतले मुंडे अशी दोन वेगळी माणसं असतात. असं का, याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांनी निवडणुका कुठून आणि किती मतांच्या हिशेबावर लढल्या यात शोधावं, असं मला वाटतं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंडेंनी जिथं शिक्षण घेतलं आणि राजकारणाचे पहिले धडे गिरवले त्या अंबाजोगाईचं नाव निजामी कागदपत्रांत मोमिनाबाद असं आहे. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १७६३ मध्ये पेशव्यांनी निजामाचा मोठा पराभव केला. इतिहासाची पुस्तकं तो अभिमानाने सांगतात. मात्र त्यानंतरही पावणेदोनशेहून अधिक वर्षं या भागाचा सारा निजामाच्या खजिन्यात जात होता, हे सांगायला विसरतात. असो. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर जे गुदरलं त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली आहे. सर्वाधिक झळ उस्मानाबाद आणि नांदेडकडे बसली, पण औरंगाबाद आणि बीडची नावंही त्या अहवालात आहेत. सरकारी नोकऱ्या गेल्या, जहागिऱ्या संपल्या, शिकलेली कुटुंबं हैदराबादला किंवा कराचीला निघून गेली. मागे उरला तो गावगाड्यातला मुसलमान. मुलाणी, पिंजारी, तांबोळी, बागवान, मणियार, अत्तार, कसाई, शिकलगार. कुणाकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन, कुणाकडे तीही नाही. निजामाच्या राज्याने या माणसाला काही दिलं नव्हतं. पण रझाकारांचा हिशेब पुढची कित्येक दशकं त्याच्याकडेच मागितला गेला.

अशा माणसाला राजकारणात दोनच आसरे होते. एक काँग्रेस, दुसरा डावे. आज विश्वास बसणार नाही, पण बीड हा एकेकाळी डाव्यांचा जिल्हा होता. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर बीडमधून लोकसभेवर गेले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे निवडून आले. दुष्काळ, रोजगार हमी, मजुरी, धान्याचा भाव हे त्या राजकारणाचे विषय. या विषयांत कुणाची जात विचारायची गरज नव्हती, मशीद-मंदिर तर दूरच. मुंडेंच्या उदयाची गोष्ट या जमिनीवर सुरू होते.

१२ डिसेंबर १९४९ रोजी परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावी एका वंजारी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अंबाजोगाईत प्रमोद महाजन भेटले, विद्यार्थी परिषद आली, संघ आला, पुढे महाजनांच्या बहिणीशी विवाह झाला. आणीबाणीत त्यांनी नाशिकच्या कारागृहात तुरुंगवास भोगला. इंदिरा गांधींनी त्या वेळी संघावर बंदी घातली तशी जमाअते इस्लामी हिंदवरही घातली होती, आणि देशातल्या अनेक तुरुंगांत या दोन्ही संघटनांची माणसं शेजारी शेजारी राहिली होती. आमच्याकडचे काही बुजुर्ग तो काळ मोठ्या गमतीने सांगत. पुढच्या इतिहासाने ती गंमत फार काळ टिकू दिली नाही.

आणीबाणी उठली. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत मुंडे पडले. त्याच सुमारास ते अंबाजोगाई तालुक्यातल्या उजनी गटातून बीड जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्यांच्या आयुष्यातला पहिला विजय हाच. चरित्रांमध्ये या विजयाला एक ओळ मिळते, फार तर दोन. मला तो त्यांच्या कारकिर्दीचा पाया वाटतो.

जिल्हा परिषदेचा गट म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून, महाराष्ट्राने १९६१ चा जिल्हा परिषद कायदा केला आणि १ मे १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली. प्राथमिक शाळा, दवाखाना, पाझर तलाव, गावरस्ता, हातपंप, पशुवैद्यकीय केंद्र, शिक्षकाची बदली, हे सगळं जिल्हा परिषदेकडे आलं. काही गावं मिळून एक गट, गटाचा एक सदस्य. खासदाराचं तोंड न पाहिलेला माणूस झेडपी मेंबरच्या ओट्यावर जाऊन बसू शकतो. निवडणूक काही शेकडा मतांनी इकडची तिकडे होते. अशा ठिकाणी गावात मुसलमानांची तीसच घरं असली तरी ती मोजावी लागतात. तिथं उर्दू शाळेची खोली पडली तर ती बांधून द्यावी लागते, कब्रस्तानाला वाट लागते, दर्ग्याच्या उरुसाला टँकर पाठवावा लागतो. हे उमेदवाराच्या मनाच्या मोठेपणाने होत नाही, गटाच्या आकारमानाने होतं. मनात काहीही असो, वागणं तसं ठेवावं लागतं, आणि बरीच वर्षं तसं वागल्यावर त्यातलं थोडं माणसाच्या अंगात मुरतं.

मुंडेंच्या अंगात ते मुरलं. नावानिशी हाक मारणं, लग्नाला-मयतीला जाणं, रात्री अपरात्री दार उघडं ठेवणं. त्यांच्या पक्षातल्या मुंबई-पुण्याच्या नेत्यांना हे जमत नव्हतं, आणि मुंडेंना जमतं म्हणूनच पक्षाला ते हवे होते.

६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्ष स्थापन झाला आणि दोनच महिन्यांत महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक झाली. पक्षाचे अवघे १४ आमदार निवडून आले. त्यांत रेणापूरमधून मुंडे होते. परळीकडचा बराच भाग तेव्हा रेणापूर मतदारसंघात येत असे. १९८५ मध्ये ते पुन्हा पडले, पण पक्षाने त्यांना प्रदेशाध्यक्ष केलं. वसंतराव भागवतांनी आखलेलं ‘माधव’ सूत्र, म्हणजे माळी, धनगर, वंजारी, याच काळात आकाराला आलं. शेटजी-भटजींचा पक्ष ही ओळख पुसायला मुंडेंसारखा चेहरा दुसरा नव्हता. पुढे १९९०, १९९५, १९९९ आणि २००४ अशा चार निवडणुका त्यांनी रेणापूरमधून जिंकल्या.

आता ऊसतोडीविषयी. कारण ते समजल्याशिवाय बीड समजत नाही. दसऱ्याच्या आसपास या जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. मुकादम कारखान्याकडून उचल आणतो, ती कोयत्याकोयत्याला वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मग सांगली, कोल्हापूर, सातारा, नगर, कर्नाटक. पाचटाच्या खोपीत पाच-सहा महिने. पहाटे तीनला थंडीत उठून फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. टनाला किती रुपये मिळणार हे कारखान्यांचा संघ ठरवणार, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. टोळ्यांत वंजारी, मराठा, दलित, बंजारा, धनगर सगळे, आणि मुसलमानही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांत आणि त्यानंतर रमजान ऐन हिवाळ्यात, म्हणजे ऐन गळीत हंगामात येत होता. तेव्हा ऊस तोडत रोजे धरलेली माणसं आणि फडावरच ईद केलेली कुटुंबं आमच्या भागात आहेत. साखरेच्या इतिहासात त्यांच्यासाठी अजून एक ओळही लिहिली गेलेली नाही.

या मजुरांचा प्रश्न मुळात डाव्यांचा. लाल बावट्याच्या संघटना त्यात होत्या आणि आजही आहेत. पण मोठा आवाज मुंडेंचा झाला. कारखानदार म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातली काँग्रेस आणि मजूर म्हणजे बीडचा वंजारी-दलित-मराठा गरीब, अशी सरळ रेघ त्यांना आखता आली. संप होई, कोयते बंद राहत, आणि शेवटी एका बाजूला शरद पवार व दुसऱ्या बाजूला मुंडे असा लवाद बसून दरवाढ ठरे. वर्षभर एकमेकांवर तुटून पडणारे दोघे या एका टेबलावर मजुरीचा आकडा ठरवत, आणि तो मान्यही होत असे. लवादाने मजुराचं आयुष्य बदललं असं म्हणता येणार नाही. खोपी तशाच राहिल्या, उचलही तशीच राहिली. मुंडे पुढे स्वतःच परळीजवळ पांगरीला वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्याचे कर्तेधर्ते झाले, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसण्याची वेळ त्यांच्यावर आली. तरी एवढं खरं की टोळीतल्या मुसलमान कोयत्यालाही वाढलेला दर इतरांइतकाच मिळाला. मुंडेंबद्दल जिल्ह्यात जी आपुलकी आहे तिचा उगम इथं आहे.

नामांतराच्या प्रश्नातही त्यांनी जिल्ह्यातल्या बहुसंख्य भावनेच्या उलट भूमिका घेतली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात दलितवस्त्या पेटल्या. शिवसेना नामांतराच्या विरोधात उभी राहिली. मुंडे नामांतराच्या बाजूचे राहिले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हाही त्यांचा सूर बदलला नव्हता. युतीतल्या मित्रपक्षाची भूमिका पाहता हे सोपं नव्हतं.

इथपर्यंतचे मुंडे जिल्ह्याचे. आता मुंबईचे.

डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेना फोडून बाहेर पडले. सेनेचं संख्याबळ घटलं आणि विधानसभेतलं विरोधी पक्षनेतेपद भाजपकडे, म्हणजे मुंडेंकडे आलं. पुढची तीन वर्षं त्यांनी गाजवली. राजकारणाचं गुन्हेगारीकरण हा विषय त्यांनी असा लावून धरला की शरद पवारांना त्याचा फटका बसला. पण या विषयाला एक दुसरी बाजू होती. बाबरी मशीद पडली, मुंबई पेटली, १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर ‘गुन्हेगार’ या शब्दाला मुंबईत एक चेहरा मिळाला होता, आणि तो चेहरा मुसलमानाचा होता. दाऊद इब्राहिमला मुंबईत ओढून आणण्याची गर्जना मुंडेंनी केली तेव्हा टाळ्या नुसत्या दाऊदसाठी पडत नव्हत्या. डोंगरी आणि भेंडीबाजारातल्या ज्या पोराचा दाऊदशी काही संबंध नव्हता त्यालाही त्या ऐकू जात होत्या. मुंडेंना हे कळत नसेल असं मानण्याइतके ते भोळे नव्हते.

१९९५ मध्ये सेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार आले, अपक्षांच्या पाठिंब्याने युती सत्तेवर बसली. १४ मार्चला मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, मुंडे उपमुख्यमंत्री. गृह आणि ऊर्जा ही खाती त्यांच्याकडे. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू असं सांगून आले होते. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने फेरविचार केला, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला, आणि काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन तो पुन्हा उभा राहिला. दाऊद काही आला नाही. मुंबईत पोलीस चकमकींचा काळ मात्र आला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. नामांतराच्या बाजूने उभा राहिलेला नेता तेव्हा राज्याचा गृहमंत्री होता.

आणि श्रीकृष्ण आयोग. मुंबई दंगलीच्या चौकशीसाठी २५ जानेवारी १९९३ रोजी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. तीन वर्षं साक्षी झाल्या. २३ जानेवारी १९९६ रोजी युती सरकारने तो बरखास्त केला. दिल्लीत वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार असताना त्यांच्या सूचनेवरून मे १९९६ मध्ये आयोग परत आला, पण कार्यकक्षेत बॉम्बस्फोटांची भर घालून. दंगल आणि स्फोट एकाच तराजूत मांडायचे, हा त्यामागचा हेतू लपलेला नव्हता. न्यायमूर्तींनी मात्र काम पूर्ण केलं. १६ फेब्रुवारी १९९८ ला अहवाल दिला. सरकारने तो ६ ऑगस्टपर्यंत दाबून ठेवला आणि विधिमंडळात मांडताना सोबतच्या कृती अहवालात त्याचे मुख्य निष्कर्ष फेटाळून लावले. दंगलीत ९०० माणसं मेली होती, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. अहवालात ३१ पोलिसांवर ठपका होता. पोलीस खातं मुंडेंच्या हाताखाली होतं. त्यांच्या कार्यकाळात त्या यादीचं काही झालं नाही.

हे सगळं मुंडे एकट्याचं पाप म्हणून मांडणं सोयीचं आहे, पण तेवढंच म्हणून थांबणं प्रामाणिक नाही. १९९९ नंतर काँग्रेस-राष्ट्रवादीने सलग पंधरा वर्षं राज्य केलं. श्रीकृष्ण अहवाल लागू करू असं जाहीरनाम्यात लिहून मुसलमानांची मतं घेतली. विशेष पथक नेमलं, बाळासाहेब ठाकरेंना २००० मध्ये एका दिवसासाठी अटक झाली, मुदतीच्या मुद्द्यावर न्यायालयाने ते प्रकरण काढून टाकलं. यादीतले बहुतेक पोलीस सुखाने निवृत्त झाले. मुंडेंनी निदान आपण मुसलमानांची मतं मागून आलो असं कधी म्हटलं नव्हतं.

पण याच माणसाने अंबाजोगाईजवळच्या गटात, परळीत, मुसलमानांची घरं नावानिशी मोजली होती. मग मुंबईत काय बदललं? माझं उत्तर असं आहे की मोजमाप बदललं. १३८ आमदारांच्या युतीला सत्तेवर यायला मुसलमान मताची गरज पडली नव्हती, उलट त्याच्या विरोधात हिंदू मत एकवटल्याने ती आली होती. उजनी गटात तीस घरं दुर्लक्षून चालत नव्हतं. राज्य पातळीवर एक अख्खा समाज दुर्लक्षून चाललं, आणि वर फायदाही झाला. मुंडेंनी दोन्ही ठिकाणी गणितच केलं.

या काळातल्या एका कायद्याची कथा जिल्ह्यापर्यंत येते. युती सरकारने १९९५ मध्ये गोवंश हत्याबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते वीस वर्षं पडून राहिलं. मार्च २०१५ मध्ये ते लागू झालं तेव्हा मुंडे हयात नव्हते. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. नेकनूरच्या बाजारात म्हातारा बैल विकून चार पैसे करणारा शेतकरी आणि तो घेणारा कुरेशी, दोघंही एकाच दिवशी अडचणीत आले. शेतकऱ्याची अडचण वर्तमानपत्रांत आली. कुरेशी मोहल्ल्यातल्या चुली कशा चालल्या, हे कुणी विचारायला आलं नाही.

१९९९ ला सत्ता गेली. ३ मे २००६ रोजी महाजन गेले, पक्षात मुंडे एकटे पडत गेले. आणि २००९ मध्ये ते लोकसभेसाठी बीडमधून उभे राहिले. इथं कथा पुन्हा गावाकडे वळते. बीड लोकसभा म्हणजे गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज, परळी. यातली परळी घरची. गेवराईचं तसं नाही. गोदाकाठचा हा तालुका मराठा बहुल, पंडित घराण्यातल्या दोन फळ्यांत वाटलेला. शिवाजीराव पंडित एकीकडे, बदामराव पंडित दुसरीकडे. गढीचा जयभवानी कारखाना, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, सगळीकडे हीच लढत. गेवराई शहरातला मुसलमान या दोन फळ्यांच्या मधोमध, आणि म्हणून दोघांनाही हवा असलेला. मुंडेंनी या भांडणातून वाट काढत २००४ मध्ये शिवाजीरावांचे पुत्र अमरसिंह पंडित यांना कमळावर आमदार केलं. मराठा घराण्याच्या साखर कारखान्याच्या गावात कमळ फुलवायचं तर त्या घराण्याची सगळी माणसं, मुसलमान कार्यकर्त्यांसह, सोबत घ्यावी लागतात. शेतकरी संघटनेतून आलेल्या पाशा पटेलांना भाजपमध्ये पुढे आणण्यातही मुंडेंचा हात होता. पाशाभाई हे पक्षाचं दाखवायचं नाव आहे असं त्यावेळी आपल्यातले अनेक जण म्हणाले. असेलही. पण ते कापूस-सोयाबीनच्या भावावर बोलत, आणि भाजपच्या व्यासपीठावरचा मुसलमान शेतमालावर बोलतो हे नवीन होतं.

२००९ ला मुंडे लोकसभेवर गेले आणि तिथं त्यांनी जे केलं त्याची मुसलमानांनी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये जनगणनेत जातींची नोंद व्हावी ही मागणी लोकसभेत जोरात आली. लालूप्रसाद, मुलायमसिंह, शरद यादव यांच्या सुरात सूर मिसळून भाजपच्या बाकांवरून मुंडे बोलले. त्यांचा पक्ष या प्रश्नावर अडखळत होता. ओबीसींची मोजणी म्हणजे त्यात मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी, कुरेशी, मणियार, छप्परबंद यांचीही मोजणी आली. शेजारच्या जालन्यात शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली होती, दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस तिच्यासाठी सभा घेत हिंडला होता. ज्या मागणीसाठी ही चळवळ पायपीट करत होती ती संसदेत भाजपचा एक नेता मांडत होता. मुंडेंनी ती मुसलमानांसाठी मांडली असा माझा दावा नाही. पण मागणी मान्य झाली असती तर पिंजाऱ्याचं नाव वंजाऱ्याच्या शेजारीच लागलं असतं.

शेवटची काही वर्षं घरातच तडा गेला. तोही कुठे, तर परळी नगरपालिकेत. डिसेंबर २०११ मध्ये नगराध्यक्षपदावरून पुतणे धनंजय मुंडे यांनी बंड केलं. परळीच्या पालिकेत मुसलमान नगरसेवकांशिवाय कुठल्याच गटाचं बहुमत जमत नाही. मग काका आणि पुतणे दोघंही मोहल्ल्यांत फिरले. ज्यांना १९९५ च्या सरकारात कुणी विचारलं नव्हतं त्यांच्या ओट्यावर राज्याचे दोन मोठे नेते एकाच आठवड्यात चहा पिऊन गेले असतील तर त्यात नवल काय!

२०१४ मध्ये मुंडे पुन्हा निवडून आले. २६ मे रोजी केंद्रात मंत्री झाले. खातं ग्रामविकास आणि पंचायती राज, सोबत पेयजल व स्वच्छता. झेडपी मेंबर म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला देशाच्या पंचायती राजचं खातं मिळालं ते आठ दिवसांसाठी. ३ जूनच्या पहाटे बीडच्या सत्कारासाठी विमानतळाकडे निघाले असता दिल्लीत त्यांच्या गाडीला धडक बसली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी परळीत जी गर्दी लोटली तिच्यात टोप्या आणि बुरखेही होते. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत प्रीतम मुंडे जवळपास सात लाखांच्या मताधिक्याने निवडून आल्या. देशातला तो विक्रम होता.

बीड शहरातून १९९९ मध्ये सय्यद सलीम आमदार झाले. त्यानंतर जिल्ह्यातून एकही मुसलमान विधानसभेत गेलेला नाही. २०२४ च्या विधानसभेत अख्ख्या राज्यातून दहा मुसलमान गेले, मराठवाड्यातून एक. आम्ही दर पाच वर्षांनी हे आकडे मोजतो आणि हळहळतो. जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत, नगरपरिषदेत आपले किती, हे कुणी मोजत नाही. तिथं तर आपली तीस घरं अजूनही निर्णायक आहेत. बीडसह राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे काही वर्षं तिथं प्रशासक बसला. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचे वाद अशी कारणं होती. मुसलमान संघटनांनी या काळात वक्फवर, भोंग्यांवर मोर्चे काढले, ते काढायलाही हवे होते. जिल्हा परिषदेची निवडणूक का होत नाही यावर एकही मोठा मोर्चा मला आठवत नाही.

२०२४ च्या लोकसभेत पंकजा मुंडे ६,५५३ मतांनी पडल्या. परळी आणि आष्टीने त्यांना तारलं, बीड आणि गेवराईने बुडवलं. मराठा-ओबीसी वादात दोन्ही बाजूंची मतं आधीच वाटली गेली होती. इतक्या कमी अंतराच्या लढतीत बीड, गेवराई आणि माजलगावच्या मोहल्ल्यांनी कुठं मतं दिली याला वजन आलं. निवडून आले बजरंग सोनवणे. केज तालुक्यातल्या युसुफवडगावचं नाव त्यांच्या राजकारणाशी जोडलेलं आहे, आणि त्यांचीही सुरुवात बीड जिल्हा परिषदेतलीच.